गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू: पद्मिनीचा घाटातला आजार

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८५ची. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, सीबी पॉइंट आणि इंजिनाला बोल्टनं बसवलेला एसी पंप. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग; सीबी पॉइंट म्हणजे करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणारे संपर्क. एसी पंप म्हणजे कॅमच्या धक्क्यावर चालणारा डायफ्रामचा पेट्रोल पंप. गॅरेजमध्ये सगळे याच नावानं ओळखतात, गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. वडिलांची गाडी. ते गेल्यावर वाईच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षं उभी होती. काही वर्षांपूर्वी त्याच शेडमध्ये ती उघडायला घेतली आणि दीड वर्षानं रस्त्यावर आणली. कुजलेला पत्रा कापून नवा लावला, ब्रेकचे सिलिंडर बदलले, वायरिंग मुळापासून नवं केलं. हे सगळं जमलं. एका दुखण्यानं मात्र पुढचं वर्षभर पिच्छा सोडला नाही.

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. गावात दिवसभर फिरवा, काही नाही. सकाळी सातला पसरणी घाट चढून पाचगणीला जा, काही नाही. पण भर दुपारी पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलो की निम्म्या घाटात बंद. बोनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की अर्ध्या सेल्फला सुरू, आणि मग घरापर्यंत तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे नेली तर गाडी झकास चालते. मिस्त्री शोधणार तरी काय?

तुमची गाडी अँबॅसेडर असो, हेरल्ड असो की जुनी जीप, कार्बोरेटर आणि सीबी पॉइंट असले की हा आजार कधी ना कधी गाठतोच. मांडणी थोडी वेगळी असेल, शोधायची रीत तीच. म्हणून सविस्तर लिहितोय.

चार वेळा बंद पडली आणि पहिल्या तीन वेळांत मी तीन दुरुस्त्या केल्या. पहिल्यांदा एप्रिलमध्ये. घाटात थांबलेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी ओलं फडकं एसी पंपावर टाकायला लावलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. म्हणजे पेट्रोलनं वाफ धरली, पंप उचलत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि नवा पंप बसवला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कार्बोरेटरचं किट टाकलं, फ्लोटची पातळी बघितली, जेट साफ केले. पुन्हा तेच. मग रेडिएटर खोलून साफ करून घेतला, कारण गाडी गरम होऊन बंद पडते ना! टेम्परेचरचा काटा तर त्या सगळ्या दिवसांत कधी मध्याच्या पुढे गेलाच नव्हता.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी ट्रायल घेतली ती सकाळी, गार हवेत. आणि प्रत्येक वेळी गाडी पास झाली.

फडक्याचंही तेच. फडक्यानं गुण आला की वीस मिनिटांच्या विश्रांतीनं, हे कळायला काही मार्गच नव्हता. या आजारात पेट्रोलचा दोष आणि करंटचा दोष बाहेरून अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्ही गरम झाल्यावर येतात, दोन्ही थंड झाल्यावर जातात. त्यामुळे गाडी बंद पडल्यानंतरची पहिली चार-पाच मिनिटं हाच शोधायचा काळ. तेवढ्यात बघितलं नाही तर पुरावा गेला, आणि मग घरी बसून जे काही बदलाल तो अंदाज असतो. मला हे चौथ्या वेळी कळलं.

बंद कशी पडली, हे आधी आठवा

बोनेट उघडायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा, शेजारी बसलेल्यालाही विचारा. दिव्याचं बटण बंद करावं तशी एका क्षणात गेली? की आधी उचक्या दिल्या, पिकअप गेला, पाय दाबला तरी ओढेना, मग धापा टाकत थांबली? पहिला प्रकार बहुतेक करंटचा. दुसरा बहुतेक पेट्रोलचा, कारण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं आणि ते संपेपर्यंत इंजिन रडतखडत चालतं.

आणि तिसरा प्रकार अगदी वेगळा आहे: चालताना काहीच होत नाही, पण चहाला दहा मिनिटं थांबलात की परत सुरूच होत नाही. हा वेगळा आजार आहे, त्याचं औषध शेवटी सांगतो. दोन्हींची सरमिसळ केली की डोकं चालेनासं होतं. माझ्या बाबतीत ती सरमिसळ होती, आणि वर आणखी एक गोष्ट होती: करंट आणि पेट्रोल, दोन्ही दोष एकाच वेळी गाडीत होते. पहिल्या दोन वेळा गाडी उचक्या देऊन गेली होती, पुढच्या दोन वेळा फटकन. हा फरक मला तेव्हा जाणवला होता, पण मी त्याला किंमत दिली नाही.

जागेवरची तपासणी

गाडी डाव्या कडेला, चाकाला दगड, मागे त्रिकोण. घाटात हे आधी. लहान मुलं असतील तर त्यांना रस्त्यापासून लांब सुरक्षित जागी उभं करा, मग बोनेट.

करंट आधी बघायचा, पेट्रोल नंतर. हा क्रम उलटा करू नका. आधी पेट्रोलच्या नळ्या सोडल्या, दोन थेंब ब्लॉकवर सांडले आणि मग ठिणगी पाडून बघितली, तर गाडी रस्त्यातच पेटेल. डिकीत पावडरचा दोन किलोचा आग विझवायचा सिलिंडर ठेवा आणि तपासणीच्या वेळी तो डिकीतून काढून हाताशी ठेवा.

कॉइल म्हणजे ठिणगीपुरता जोराचा करंट बनवणारी, आणि डिस्ट्रिब्युटर म्हणजे तो प्लगांना आळीपाळीनं वाटणारा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर, जी कॉइलवरून येते, ती उपसा. तिच्या टोकात एक जुना पण चांगला प्लग खोचा आणि प्लगचं लोखंडी अंग ब्लॉकच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी टेकवून ठेवा, कार्बोरेटरपासून लांब. वायर हातात धरू नका, इन्सुलेशनच्या पकडीनं धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, टक्‌ टक्‌ आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट, बारीक, मुकी ठिणगी म्हणजे अशक्त. उन्हात ठिणगी नीट दिसत नाही, म्हणून अंगावरच्या शर्टाची सावली करा आणि कान द्या; ऐकू येणं जास्त भरवशाचं.

चौथ्या वेळी मी हे केलं तेव्हा प्लगवर काहीच नव्हतं. एक टिकलीसुद्धा नाही. आणि मी वर्षभर पेट्रोलच्या मागे लागलो होतो.

मग टेस्ट लॅम्प. कॉइलच्या ज्या टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, त्या टोकाला लॅम्पची सुई, दुसरी क्लिप बॉडीला. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडला की पेटतो, मिटला की विझतो. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत. सतत विझलेला राहिला तर एकतर कॉइलला इग्निशनकडून करंटच येत नाही (ते दुसऱ्या टोकाला दिवा लावून लगेच कळतं), नाहीतर हे टोक कुठेतरी अर्थ झालंय, म्हणजे बॉडीला जोडलं गेलंय. माझं दुसरं होतं. कॉइलपर्यंत करंट येत होता, पुढे अर्थ. पॉइंट उघडे असताना दोघांमध्ये कागद सरकवून बघितला, गॅप बरोबर होता. मग राहिला कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषून घेणारी छोटी डबी.

कंडेन्सर मी गाडी उभी करताना नवा टाकला होता. नवा आहे म्हणूनच त्याच्यावर संशय घेतला नाही. घरी काढून मल्टीमीटरवर लावला तर ०.२४ मायक्रोफॅरड, म्हणजे पाहिजे तेवढाच. मग हेअर ड्रायरनं गरम केला. पहिलं मिनिटभर काही नाही. नंतर आकडा नाचायला लागला, ०.१८, ०.३, आणि मग ओहमवर लावला तर शून्य. आतून शॉर्ट. ड्रायर बंद करून ठेवला, दहा मिनिटांनी पुन्हा ०.२४. त्या दिवशी मला शेडमध्ये एकट्यालाच इतका आनंद झाला की घरच्यांना बोलावून तो प्रयोग परत करून दाखवला.

रस्त्यात कंडेन्सर गेला तर डिस्ट्रिब्युटर पूर्ण खोलायची गरज नाही. एक खात्रीचा जुना कंडेन्सर डिकीत ठेवा. त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि त्याचं अंग बॉडीला घट्ट अर्थ केलं की बाहेरूनच काम होतं. फक्त आतला शॉर्ट झाला असेल तर त्याची वायर आधी सोडवावी लागते, नाहीतर तो करंट गिळत राहणार. आतला नुसता तुटलेला असेल, म्हणजे पॉइंटवर मोठ्या ठिणग्या दिसत असतील आणि पॉइंट काळे पडले असतील, तर तो तसाच राहिला तरी चालतं. पॉइंटचा गॅप मी ०.४५ मिमी ठेवतो, फिलर गेजनं, डोळ्यानं नाही.

कॉइलबद्दलही सांगून ठेवतो, कारण ही चूक मी दोन ओळखीच्या गाड्यांत बघितली. दुकानात "कॉइल द्या" म्हटलं की मिळेल ती कॉइल हातात येते. साध्या सीबी पॉइंटच्या १२ व्होल्टच्या गाडीला प्राथमिक बाजूचा रोध साधारण ३ ओहम असलेली कॉइल लागते. रेझिस्टरबरोबर वापरायची दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय बसवली तर गाडी चालते, ठिणगी उलट जास्त जोरात पडते, आणि अर्ध्या तासात कॉइल तव्यासारखी तापून पॉइंटही जाळते. मल्टीमीटर लावून बघायला दोन मिनिटं लागतात. आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तेवढ्यानंही तापते.

कंडेन्सर बदलला. या वेळी ट्रायल दुपारी दोनला, मे महिन्यात, पसरणी घाट, गाडीत तिघं. फटकन बंद पडणं गेलं ते आजतागायत आलेलं नाही. पण वरच्या वळणांवर उचक्या आल्या. म्हणजे दुसरा भाऊ अजून घरातच होता.

पेट्रोलची बाजू

करंट असेल तर पुढची पायरी बिनपान्याची आहे. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हातानं थ्रॉटलची दांडी झटक्यात उघडा. पेट्रोलची बारीक धार आत उडाली पाहिजे. धार दिसली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. धार नाही, म्हणजे वाटी कोरडी. माझी कोरडी होती.

मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा आणि ऐका. सूंऽऽ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत निर्वात होतोय आणि पंपाला ते ओढवत नाही. बाजारात मिळणाऱ्या कुलपाच्या झाकणांना कित्येकदा भोकच नसतं. हे झाकण उघडं ठेवून गाडी लगेच सुरू झाली तर आजार तिथेच सापडला, पुढचं वाचू नका. माझं झाकण ठीक होतं.

आता थोडं कारण समजून घेऊ. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्याजड घटकांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो. बोनेटखाली, एक्झॉस्टच्या शेजारी, मे महिन्याच्या दुपारी किती तापमान असेल ते हात घातला की कळतं. त्यात टाकीपासून पंपापर्यंतची नळी ही ओढीची बाजू. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून पेट्रोल तिथे आणखी लवकर उकळतं. पंपाच्या पुढची, कार्बोरेटरकडची नळी दाबाखाली असते, तिला हा त्रास कमी. नळीत वाफ झाली की डायफ्राम पेट्रोल ढकलायच्या ऐवजी वाफ दाबतो आणि सोडतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा हलवा, तसं. दांडा हलतो, पुढे काही जात नाही.

पण गाडी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीही याच घाटांतून उन्हाळ्यात जात होती. वडिलांनी हीच गाडी मे महिन्यात कोकणात कितीदा नेली. म्हणजे उष्णता नवीन नाही. नवीन काय झालं, ते शोधायचं.

घरी आल्यावर मी पंपाची ओढीची नळी सोडली आणि तिला रबराचा नवा तुकडा लावून बाहेर जमिनीवर ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडली. टाकी आणि खालची सगळी लाइन बाजूला. कॉइलची इग्निशनकडून येणारी वायर काढून ठेवली, पंपाच्या पुढची नळी बाटलीत, आणि दहा-दहा सेकंद दोनदा सेल्फ मारला. बाटलीत चहाचा कपभर पेट्रोल, प्रत्येक धक्क्याला भरदार धार. मग तीच तपासणी टाकीच्या लाइनवर. जेमतेम पाव कप, धारेत फुरफुर. पंप चांगला होता. मी बदललेला जुना पंपही बहुधा चांगलाच होता.

मग पंपाच्या अलीकडे पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि इंजिन चालू केलं. आत बुडबुड्यांची माळ. इंजिन थंड होतं, तेव्हा ही वाफ नव्हती, हवा होती. लाइन कुठेतरी हवा घेत होती. (ही पारदर्शक नळी तपासणीपुरतीच. पेट्रोलमध्ये ती कडक होऊन तडकते, गाडीत ठेवून रस्त्यावर जाऊ नका.)

ओढीच्या बाजूची गळती अशीच फसवते. पेट्रोल गळत नाही, वास येत नाही, खाली डाग नाही. कारण तिथून बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. सपाटीला इंजिनाला पेट्रोल कमी लागतं, थोडी हवा आली तरी भागतं. घाटात पाय दाबलेला, मागणी जास्त, ओढ जास्त, हवाही जास्त, वर उष्णतेनं वाफ. तिथे पंप हरतो.

सापडली ती टाकीच्या तोंडाशी. टाकीतून बाहेर येणारी पत्र्याची नळी आणि गाडीखालून जाणारी लाइन यांच्यामध्ये वीतभर रबराचा पाइप असतो. मी तो गाडी उभी करताना बदललेला होता, चमकदार काळा, हातानं दाबला तर मऊ, एकदम नवा. क्लिप सैल करून ओढला तर क्लिपच्या खाली गोल चीर, नखाएवढी. पाइप उभा चिरून आतून बघितला. बाहेरून नवा दिसणारा पाइप आतून चिकट झाला होता. बोटाला डिंकासारखा काळा थर लागला आणि आतली भिंत सुजून भोक निम्मं बुजलेलं. दीड वर्षात.

कारण इथेनॉल. देशात २०२२मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला गेला, २०२३च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५पर्यंत तेच जवळजवळ सगळीकडे मिळू लागलं. आपल्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांना त्याचा फायदा आहे आणि मला त्याचं वावडं नाही. पण १९८५च्या गाडीतलं रबर, कॉर्क आणि डायफ्राम त्यासाठी बनलेले नव्हते, आणि आज दुकानात मिळणारा साधा मीटरवरचा पाइपही नसतो. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज-गाळ सोडवून लाइनमध्ये आणतं, आणि हवेतलं पाणी धरून ठेवतं. शिवाय मिसळलेलं पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा जरा लवकर वाफ धरतं.

पाइप घेताना त्याच्यावर एसएई जे३० आर९ (SAE J30 R9) असं छापलेलं आहे का बघा. आतून फ्लुओरो-रबराचं अस्तर असतं, ते इथेनॉलला टिकतं. साध्या पाइपच्या कितीतरी पट महाग पडतो, पण गाडीत एकूण लागतो तो दीड-दोन मीटर. मी टाकीपाशी, पंपापाशी आणि कार्बोरेटरपाशी, तिन्ही ठिकाणी तोच टाकला. क्लिपाही बदलल्या, स्क्रूच्या पट्टीवर खाचा कापलेल्या क्लिपा रबर कापतात, त्याऐवजी गुळगुळीत पट्टीच्या छोट्या क्लिपा मिळतात त्या घ्या. एसी पंपाचा डायफ्रामही इथेनॉल चालणारा आहे का हे किट घेताना विचारा, आणि पंप बसवताना त्याच्या आणि ब्लॉकच्या मधली जाड पॅकिंग मूळ जाडीचीच ठेवा. ती उष्णता अडवते म्हणून दोन लावल्या तर पंपाचा धक्का कमी पडतो आणि पेट्रोल आणखी कमी उचललं जातं.

जाता जाता एक बहुरूपी. टाकीतल्या गंजाची खपली ओढीच्या नळीच्या जाळीवर जाऊन चिकटली तर गाडी अशीच उचक्या देऊन बंद पडते. थांबलात की ओढ संपते, खपली सुटून खाली पडते आणि गाडी सुरू. माणूस म्हणतो थंड झाली म्हणून चालली. खरं तर थंडीचा संबंधच नाही. ओळखायचं असं: पहाटेच्या गारव्यात, सपाट हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालवा. तिथेही बंद पडली तर उष्णतेचा नाद सोडा आणि टाकी उतरवून धुऊन घ्या. बारा वर्षं उभी असलेल्या गाडीची टाकी तर न विचारता धुवा, मी ती सुरुवातीलाच धुतली होती.

इलेक्ट्रिक पंप लावू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत: दोष सापडेपर्यंत लावू नका. मागून ढकलणारा पंप लाइन दाबाखाली ठेवतो, वाफ कमी होते, हे खरं. पण तडकलेला पाइप तसाच राहिला तर आता तिथून हवा आत जाणार नाही, पेट्रोल बाहेर येईल, तेही दाबानं. दुखणं झाकलं जातं आणि धोका वाढतो.

सगळं निर्दोष करूनही त्रास उरला आणि लावायचाच असेल, तर टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली बसवा, बोनेटखाली नाही. कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट-पंधरापट दाब देतो. तो लावला तर निडल व्हॉल्व्ह पेट्रोल रोखूच शकत नाही आणि कार्बोरेटर वरून वाहतो. आणि इंजिन बंद झालं की पंप आपोआप बंद होईल अशी ऑइल प्रेशरच्या स्विचवरची जोडणी हवीच. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालू राहिला तर काय होईल, हे सांगायला नको.

मी त्याऐवजी तीन साधी कामं केली. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टच्या ज्या भागाजवळून जात होती तिथून चार बोटं लांब नेली. पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा उभा केला; पत्रा एक्झॉस्टला चिकटवून बसवला तर तोच तापून तवा होतो, मध्ये बोटभर अंतर पाहिजे. आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, तपासलं, थोडं मागे होतं. टायमिंग मागे असलं की जळण्याची उष्णता एक्झॉस्टमध्ये जास्त जाते आणि बोनेटखाली सगळंच तापतं. हे तिसरं काम फुकटचं आहे आणि बहुतेक जण तेच विसरतात.

त्यानंतर दोन उन्हाळे खंबाटकी आणि पसरणी, दोन्ही घाट, भर दुपारी, गाडी भरलेली. बंद पडलेली नाही.

राहिलं चहाचं दुखणं. गाडी थांबवली की पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि इंजिनाची उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं वर कार्बोरेटरमध्ये चढत राहते. म्हणून चालतानापेक्षा थांबल्यावर कार्बोरेटर जास्त तापतो. वाटीतलं पेट्रोल उकळून घशातून खाली टपकतं आणि प्लग ओले होतात. अशा वेळी चोक ओढू नका आणि पाय पंप करू नका, त्यानं आणखी पेट्रोल जातं. पाय पूर्ण दाबून धरा, सलग सेल्फ मारा, सुरू झाली की हळूहळू सोडा. काळा धूर येईल, दोन मिनिटांत जाईल. थांबताना बोनेट एक खटका सैल करून ठेवलं तरी खूप फरक पडतो. कार्बोरेटरच्या पायाखालच्या उष्णतारोधक पॅकिंगची जाडी बघा. माझी दबून निम्मी झाली होती आणि दोन्ही बाजूंच्या कागदी पॅकिंगही जळालेल्या. बेकेलाइटची नवी लेथवाल्याकडून करून घेतलीय, सहा मिमी जाड. या रविवारी बसवणार आहे. बसवल्यावर एअर क्लीनर बोनेटला लागत नाही ना, हे मातीचा गोळा वर ठेवून, बोनेट लावून, दाबला गेला का ते बघून तपासेन. मग दुपारी पाचगणीला जाऊन, चहा पिऊन, बरोबर दहाव्या मिनिटाला सेल्फ मारून बघायचा आहे.